लॅपटॉपावरून मोबाइलचा संदेश

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं पहाटेस ओढ्याला पूर आला आणि पलीकडच्या वाड्यांवरील मुलांस शाळेंत येणें धोक्याचें झालें. शाळा बंद ठेवण्याचें ठरलें. परंतु ठरविणें सोपें, कळविणें कठीण. माझ्या वर्गांत ५४ मुलें. सात वाजण्यापूर्वीं त्या सर्वांच्या घरीं ही वार्ता पोंचली नाहीं, तर मुलें दप्तर पाठीस लावून वाटेला लागणार! पुष्कळ पालकांपाशीं इंटरनेटचा फोन नाहीं. बटणांचा साधा फोन आहे. अशा फोनावर हमखास पोंचणारा लेखी निरोप एकच, तो म्हणजे एस्. एम्. एस्.

चाळिशी उलटलेल्या माणसास फोनच्या इवल्याशा पडद्यावर बोट टेंकून ५४ वेळां निरोप धाडणें जिकिरीचें वाटतें. म्हणून मीं लॅपटॉप उघडला, निरोप एकदां नीट लिहिला, आणि त्याची नक्कल एकेका पालकाच्या नांवें पाठवीत गेलों. अर्ध्या तासांत काम उरकलें असें समजून मीं लॅपटॉप मिटला. परंतु तें उरकलें नव्हतें. ५० घरीं निरोप पोंचला. चार घरीं पोंचला नाहीं. त्या चारांतील एक मुलगी भिजत, चिखल तुडवीत शाळेच्या फाटकापाशीं येऊन उभी राहिली. सुदैवानें ती ओढ्याच्या अलीकडे राहणारी होती. निरोप कां पोंचला नाहीं, तें पुढें सांगेन. चूक माझीच होती.

दुसऱ्या दिवशीं एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "सर, तुमच्या लॅपटॉपांत सिमकार्ड नाहीं. मग आमच्या बाबांच्या फोनवर तुमचाच नंबर कसा उमटला?" प्रश्न मार्मिक होता. त्याचें उत्तर सर्व विद्यार्थ्यांस व पालकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. संगणकावरून मोबाइलला संदेश पाठविणें ही अलीकडची नवलाई आहे, असा पुष्कळांचा समज असतो. खरी हकीकत उलट आहे. जगांतील पहिला एस्. एम्. एस्. मोबाइलवरून गेलाच नाहीं. तो संगणकावरूनच गेला. ता. ३ डिसेंबर १९९२ रोजीं इंग्लंडमध्यें नील पॅपवर्थ ह्या २२ वर्षांच्या अभियंत्यानें संगणकापुढें बसून व्होडाफोन कंपनीचे अधिकारी रिचर्ड जार्व्हिस ह्यांच्या फोनवर नाताळच्या शुभेच्छा पाठविल्या. इंग्रजींतील ते दोनच शब्द. मधली मोकळी जागा धरून अवघीं १५ अक्षरें! जार्व्हिस ह्यांस त्याच मार्गानें उलट उत्तर देतां आलें नाहीं, कारण त्यांच्या फोनवर संदेश वाचण्याची सोय होती, लिहून पाठविण्याची नव्हती. पुढें २०२१ सालीं ह्या संदेशाच्या डिजिटल प्रतीचा पॅरिस येथें लिलाव झाला. तिला १,०७,००० युरो किंमत आली, आणि ती रक्कम संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक कार्यास देण्यांत आली.

आपल्या देशांत मोबाइलवरील पहिलें संभाषण ता. ३१ जुलै १९९५ रोजीं झालें. कलकत्त्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसू हे दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम ह्यांच्याशीं बोलले. त्यापूर्वीं तांतडीचा निरोप म्हणजे तार. कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी तारेची प्रायोगिक लाइन १८५० सालीं सुरू झाली होती, आणि ता. १४ जुलै २०१३ रोजीं भारतांतील तारसेवेचा शेवटचा दिवस उजाडला. पालकांपैकीं वडीलधाऱ्या मंडळींस आठवत असेल कीं, तारवाला दारांत दिसला म्हणजे काळजांत धस्स होत असे. आणि तार लिहितांना माणसें शब्द मोजून लिहीत, कारण प्रत्येक शब्दास पैसे पडत. शब्द मोजण्याची ती संवय आपण सोडली आहे. एस्. एम्. एस्.ला मात्र ती अद्याप लागते.

आतां संदेशाचा प्रवास पाहूं. तुम्ही फोनवर निरोप लिहून पाठविला म्हणजे तो थेट दुसऱ्याच्या फोनांत उडी मारीत नाहीं. तो प्रथम जवळच्या मनोऱ्याकडे जातो. तेथून तुमच्या सिमकार्डाच्या कंपनीच्या संदेश-केंद्रांत जातो. हें केंद्र टपालकचेरीसारखें आहे. ज्याला निरोप द्यावयाचा त्याचा फोन चालू असेल, तर तें लगेच पोंचवितें; बंद असेल, तर निरोप जपून ठेवितें व फोन चालू झाला म्हणजे पुन्हां देऊं पाहतें. मात्र ह्या जपणुकीस मुदत असते. मुदत सरली कीं निरोप रद्द होतो.

दुसरी लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, एस्. एम्. एस्. इंटरनेटवरून जात नाहीं. फोन व मनोरा ह्यांमध्यें बोलण्याच्या मार्गाखेरीज इशाऱ्यांचा एक निराळा मार्ग असतो. "मी येथें आहें", "तुला फोन आला आहे", असे इशारे त्या मार्गानें चालतात. हा मार्ग पुष्कळ वेळ रिकामा असतो. तेव्हां त्याच मार्गानें लहान निरोप कां पाठवूं नयेत, ही कल्पना १९८४-८५ च्या सुमारास युरोपांत निघाली. जर्मनीचे फ्रीडहेल्म हिलेब्रांड आणि फ्रान्सचे बर्नार्ड घिलेबेर ह्यांचीं नांवें ह्या संदर्भांत घेतात. मार्ग अरुंद, म्हणून गांठोडेंही लहान हवें. हिलेब्रांड ह्यांनीं आपल्या टाइपरायटरवर नेहमींचीं वाक्यें लिहून अक्षरें मोजलीं, तेव्हां बहुतेक निरोप १६० अक्षरांच्या आंत बसतात असें त्यांस दिसून आलें, असें सांगतात.

ह्या १६० चा हिशेब आठवीच्या विद्यार्थ्यासही सहज करतां येईल. एका संदेशांत १४० बाइट मावतात. एक बाइट म्हणजे ८ बिट. म्हणून १४० गुणिले ८ बरोबर १,१२० बिट. ह्या संदेशांसाठीं ठरविलेल्या मूळ वर्णमालेंत रोमन अक्षरें, अंक व खुणा मिळून १२८ स्थानें आहेत, आणि १२८ स्थानें ओळखण्यास ७ बिट पुरतात. १,१२० भागिले ७ बरोबर १६०. परंतु आपली देवनागरी त्या १२८ घरांत कशी बसावी? तिच्यासाठीं दुसरी पद्धति योजितात. तींत प्रत्येक चिन्हास १६ बिट लागतात. १,१२० भागिले १६ बरोबर ७०. म्हणजे मराठी निरोपास जागा १६० ची नव्हे, ७० ची. शिवाय आपण ज्यास एक अक्षर म्हणतों, त्यास यंत्र एक मोजीत नाहीं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्ताची खूण हीं सर्व तें वेगवेगळीं मोजतें. "शाळा" हा शब्द आपल्या दृष्टीनें दोन अक्षरांचा. यंत्राच्या दृष्टीनें चार चिन्हांचा. "ख्रिस्त" ह्या शब्दांत तर सात चिन्हें होतात. इंग्रजी निरोपांत एखादेंच देवनागरी अक्षर किंवा एखादें हंसरें चित्र घातलें, तरी तो सबंध निरोप ह्या दुसऱ्या पद्धतीनें जातो व जागा एकदम ७० वर येते.

निरोप ह्याहून लांब झाला तर? तर फोन त्याचे तुकडे करतो. ते पुन्हां क्रमानें जोडले जावेत म्हणून प्रत्येक तुकड्यावर क्रमांकाची खूण घालावी लागते. ती थोडी जागा खाते, आणि मराठीच्या प्रत्येक तुकड्यांत ६७ चिन्हें राहतात. वाचणाऱ्यास निरोप एकच दिसतो. हिशेबांत मात्र तुकडे मोजले जातात.

पुराच्या दिवशीं माझें चुकलें तें येथेंच. मास्तरी वळणाप्रमाणें मीं "सप्रेम नमस्कार" घातला, कारण सविस्तर लिहिलें, शेवटीं आभार मानले. निरोप ९६ चिन्हांचा झाला. म्हणजे प्रत्येकी दोन तुकडे. माझ्या योजनेंत दिवसाला १०० संदेशांची मर्यादा होती. १०० तुकडे म्हणजे ५० पालक. पुढील संदेशांस लागणारी शिल्लक रक्कम माझ्या खात्यांत नव्हती, म्हणून ते चार गेले नाहींत. आणि पडद्यावर त्यांच्याखालीं तशी सूचना आलेली असूनही मीं ती पाहिली नाहीं. "पुरामुळें आज शाळा बंद आहे." एवढेंच लिहिलें असतें, तर मोकळ्या जागा व पूर्णविराम धरून २६ चिन्हें झालीं असतीं आणि ५४ घरांस ५४ संदेश पुरले असते. माझा नमस्कार त्या मुलीस भिजवून गेला!

आतां विद्यार्थ्याच्या मूळ प्रश्नाकडे वळूं. लॅपटॉपांत सिमकार्ड नसतांना त्यावरून संदेश कसा जातो? उत्तर असें कीं, संदेश लॅपटॉपावरून जातच नाहीं. तो फोनावरूनच जातो. लॅपटॉप हा केवळ लेखनिक होय. आजोबांनीं ओटीवर बसून मजकूर सांगावा, नातवानें दुसऱ्या खोलींत तो लिहावा, आणि सही मात्र आजोबांचीच असावी, तसा हा प्रकार आहे. तुम्ही लॅपटॉपावर लिहिलेला मजकूर फोनाकडे येतो. फोन तो आपल्या सिमकार्डाच्या द्वारें मनोऱ्याकडे देतो. उत्तर आलें म्हणजे तें प्रथम फोनावर येतें आणि मग त्याची प्रत लॅपटॉपावर उमटते. म्हणूनच पालकांच्या फोनवर माझाच नंबर दिसला. म्हणूनच पैसेही सिमकार्डाच्या नेहमींच्या दरानेंच पडतात. आणि म्हणूनच फोन बंद पडला, कीं लॅपटॉपही मुका होतो.

फोन व लॅपटॉप ह्यांची ही जोडणी करण्याच्या पद्धति निरनिराळ्या आहेत. त्यांपैकीं मुख्य अशा:

पहिली, अँड्रॉइड फोनांसाठीं गूगल मेसेजेसची. हिची वेबवरील सोय २०१८ सालीं निघाली. फोनांत गूगल मेसेजेस हेंच संदेशांचें मुख्य ॲप असावें लागतें, आणि फोन व लॅपटॉप ह्या दोहोंस इंटरनेट लागतें. लॅपटॉपाच्या ब्राउझरांत गूगल मेसेजेसचें वेबपान उघडावें. तेथें एक चौकोनी, ठिपक्याठिपक्यांचें चिन्ह दिसतें. मग फोनांतील मेसेजेस ॲपमध्यें आपल्या खात्याच्या चित्रावर बोट ठेवून उपकरण जोडण्याचा पर्याय निवडावा व फोनच्या कॅमेऱ्यानें तें चिन्ह टिपावें. क्षणभरांत फोनांतील संदेश लॅपटॉपावर दिसूं लागतात. चिन्ह न टिपतां गूगल खात्यानें प्रवेश करूनही ही जोडणी होते. हें ठिपक्यांचें चिन्ह, म्हणजे क्यूआर कोड, १९९४ सालीं जपानांत डेन्सो वेव्ह कंपनीच्या मासाहिरो हारा ह्यांनीं मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठीं शोधून काढलें. येथें तें किल्लीचें काम करतें: "हा लॅपटॉप माझा आहे, ह्यास माझे संदेश दाखीव," असें फोनास सांगण्याची ती खूण होय.

दुसरी, ॲपल कंपनीच्या उपकरणांची. आयफोन व मॅक लॅपटॉप एकाच ॲपल खात्यावर असले, म्हणजे आयफोनच्या सेटिंगमध्यें संदेश पुढें धाडण्याचा पर्याय चालू करून साधे एस्. एम्. एस्. मॅकवर वाचतां व पाठवितां येतात. ही सोय २०१४ पासून आहे.

तिसरी, विंडोजच्या लॅपटॉपांसाठीं मायक्रोसॉफ्टची फोन लिंक. अँड्रॉइडबरोबर तिचें काम चांगलें चालतें; आयफोनबरोबर २०२३ पासून ती ब्लूटूथच्या द्वारें चालते, परंतु त्या जोडणींत सोयी कमी मिळतात.

चौथी, केडीई कनेक्ट हें विनामूल्य सॉफ्टवेअर. फोन व लॅपटॉप एकाच वायफायवर असले म्हणजे तें दोहोंची थेट गांठ घालून देतें. मजकूर बाहेरच्या कोणत्याही कंपनीच्या संगणकावरून जात नाहीं. लिनक्स वापरणारे विद्यार्थी ह्याचा अवश्य प्रयोग करून पाहोत.

येथें एक घोटाळा टाळला पाहिजे. व्हॉट्सॲपही लॅपटॉपावर उघडतें. परंतु त्याचे निरोप एस्. एम्. एस्. नव्हेत. ते इंटरनेटवरून जातात आणि दोन्ही बाजूंस तेंच ॲप असावें लागतें. बटणांच्या बहुतेक साध्या फोनांस ते पोंचत नाहींत. कांहीं नव्या फोनांत संदेशांचें ॲप स्वतःच, दोन्ही बाजूंस सोय असल्यास, आर. सी. एस्. नांवाच्या इंटरनेटवरील पद्धतीनें निरोप पाठवितें. कोणता निरोप कोणत्या वाटेनें जात आहे, हें पाठविण्यापूर्वीं पाहण्याची संवय लावावी.

येथवर यंत्राची गोष्ट झाली. आतां माणसाची सांगतों.

ह्या शाळेंत येण्यापूर्वीं मी दुसऱ्या गांवीं शिक्षक होतों, तेव्हांची ही हकीकत आहे. भूगोलाच्या तासास नकाशे दाखविण्यासाठीं मीं माझा लॅपटॉप वर्गांतील प्रोजेक्टरास जोडला होता. आदल्या रात्रीं त्याच लॅपटॉपावरून मीं कांहीं पालकांस निरोप पाठविले होते, आणि फोनाची जोडणी तशीच राहिली होती. गोदावरीचें खोरें भिंतीवर पसरलें असतां त्याच्या कोपऱ्यांत एक चौकट उमटली. एका पालकांचें उत्तर आलें होतें: सोयाबीन हातचें गेलें, ह्या महिन्यांत फी भरतां येत नाहीं. वर नांवही होतें. त्यांचा मुलगा तिसऱ्या बाकावर बसला होता. मीं धांवत जाऊन लॅपटॉप मिटला; परंतु वर्गानें तें वाचलें होतें. कोणी हंसलें नाहीं, हें त्या मुलांचें मोठेपण. त्या मुलानें मात्र मान खालीं घातली, ती तास संपेपर्यंत वर केली नाहीं.

संध्याकाळीं मी त्याच्या घरीं गेलों व त्याच्या वडिलांची क्षमा मागितली. ते रागावले नाहींत. त्यांनीं मला चहा दिला आणि एवढेंच म्हणाले, "सर, तुम्ही मुद्दाम केलें नाहीं, तें मला ठाऊक आहे. पण तो निरोप मीं तुमच्या एकट्यासाठीं लिहिला होता." हें वाक्य मी अद्याप विसरलों नाहीं. त्यांच्या अनुमतीनेंच तें येथें, नांवगांव न देतां, लिहीत आहें.

फोन खिशांत असतो; तो एका माणसाचा असतो. लॅपटॉप टेबलावर असतो. त्याच्याकडे घरांतील, वर्गांतील, कचेरींतील दहा डोळे पाहतात. दोहोंची जोडणी केली कीं खिशांतली वस्तु टेबलावर येते. सोय तीच आणि धोकाही तोच. म्हणून पुढील नियम सर्वांनीं पाळावे.

एक: शाळेंतील, सायबर कॅफेंतील किंवा दुसऱ्याच्या लॅपटॉपास आपला फोन जोडूं नये. जोडावाच लागला, तर काम होतांच जोडणी तोडावी. जोडलेल्या उपकरणांची यादी फोनांत असते. ती महिन्यांतून एकदां तरी पाहावी व अनोळखी नांव दिसल्यास काढून टाकावें.

दोन: प्रोजेक्टर लावण्यापूर्वीं जोडणी तोडावी, निदान सूचना उमटणें बंद करावें. घरच्या लॅपटॉपासही पासवर्ड असावा, आणि जागेवरून उठतांना त्यास कुलूप घालावें. कारण उघड्या लॅपटॉपावर कोणीही बसून तुमच्या नंबरावरून तुमच्या नांवें निरोप धाडूं शकतो.

तीन: बँकेचा ओटीपी हें दुसरें कुलूप आहे. पासवर्ड लॅपटॉपांत व ओटीपी फोनांत, म्हणून चोरास दोन्ही वस्तु मिळवाव्या लागतात. फोन लॅपटॉपास जोडला म्हणजे दोन्ही कुलुपांच्या किल्ल्या एकाच खुंटीवर टांगल्यासारखें होतें. ज्या लॅपटॉपावर अनेकांचा हात फिरतो, त्यावर हें कदापि करूं नये.

चार: अनोळखी माणसानें धाडलेलें ठिपक्यांचें चिन्ह कॅमेऱ्यानें टिपूं नये. तें चिन्ह किल्ली आहे, हें वर सांगितलेंच आहे; आपण ती कोणाच्या हातीं देत आहों तें आपणांस ठाऊक नसतें.

पांच: संस्थांकडून येणारे संदेश त्यांच्या नोंदलेल्या नांवानें येतात. २०२५ पासून त्या नांवाच्या शेवटीं इंग्रजी अक्षर असतें: पी म्हणजे जाहिरात, एस् म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. बँकेच्या नांवानें निरोप आला, पण पाठविणाऱ्याच्या जागीं साधा दहा अंकी नंबर असला, तर सावध व्हावें. फसवणूक झालीच, तर लाज न धरितां तत्काळ १९३० ह्या क्रमांकावर कळवावें. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकीं पुष्कळांस हीं यंत्रें तुमच्या आईवडिलांहून अधिक चांगलीं समजतात. तेव्हां ह्या सुट्टींत एक काम करा. घरच्या फोनांतील जोडलेल्या उपकरणांची यादी उघडून आईवडिलांस दाखवा, आणि आजीआजोबांस मोजून मापून मराठी निरोप लिहावयास शिकवा. आणि पालकहो, आपण मला फोनवर जें लिहितां, तें मी आतां प्रथम माझ्या फोनावरच वाचतों. वर्गांत पाऊल टाकण्यापूर्वीं लॅपटॉपाची जोडणी तोडलेली असते. पुराचा निरोप मात्र अजूनही लॅपटॉपावरून येईल. तो २६ चिन्हांचा असेल, त्यांत नमस्कार नसेल. त्याबद्दल राग मानूं नये.